‘सिमिलर्ली’ की ‘व्हेअरॅज’? : इंग्रजी गद्यातील साम्य-विरोधदर्शक संयोजकांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी पदवी वर्गाच्या एका अंतर्गत चाचणीच्या इंग्रजी उत्तरपत्रिका तपासत असताना ‘भारतातील महानगरे’ या विषयावरील निबंधात पुढील आशयाची दोन वाक्ये आढळली : दिल्ली ही देशाची राजकीय राजधानी आहे. ‘सिमिलर्ली’, मुंबई ही आर्थिक राजधानी आहे. परीक्षकाने ‘सिमिलर्ली’खाली तांबड्या शाईची रेघ ओढली, समासात ‘व्हेअरॅज’ असे लिहिले आणि अर्धा गुण कमी केला. लातूर जिल्ह्यातून दिल्लीस शिकायला आलेला तो विद्यार्थी उत्तरपत्रिका घेऊन आला आणि त्याने अतिशय नम्रपणे विचारले, “सर, दोन्ही राजधान्याच ना? मग साम्य का नाही?”

प्रश्न अर्ध्या गुणाचा होता, परंतु त्याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात सापडण्यासारखे नव्हते. इंग्रजी निबंधलेखन शिकवणाऱ्या कोणत्याही पुस्तिकेत दोन रकाने असतात. साम्य दाखवण्यासाठी ‘सिमिलर्ली’, ‘लाइकवाइज’, ‘इन द सेम वे’. विरोध दाखवण्यासाठी ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘व्हेअरॅज’, ‘ऑन द अदर हँड’. विद्यार्थ्याने यांपैकी एक शब्द उचलायचा आणि दोन वाक्यांच्या सांध्यावर बसवायचा. या रकान्यांमागे एक गृहीतक दडलेले आहे. साम्य आणि विरोध हे दोन परस्परभिन्न संबंध वस्तूंमध्येच तयार असतात, लेखकाने फक्त त्यांवर योग्य चिठ्ठी डकवायची, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ही यादी इंग्रजी गद्याच्या इतिहासात बरीच उशिरा आली. ज्यांना प्रमाण इंग्रजी ही घरची भाषा नव्हती अशांना शिकवण्याच्या गरजेतून ती मुख्यतः घडली. आणि ती घडत असताना विरोध हा साम्याच्या पायावरच उभा राहतो ही जुनी जाण मागे पडली.

आरंभी या शब्दांच्या घडणीकडे पाहणे उद्बोधक ठरेल. ‘बट’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘बूटान’पासून आला. त्याचा मूळ अर्थ ‘बाहेर’, ‘खेरीज’. ‘व्हाइल’ हे मुळात ‘वेळ’ या अर्थाचे नाम; ‘ज्या वेळी’ या अर्थापासून ‘एकीकडे असे असताना’ या विरोधापर्यंत ते पुढे सरकले. ‘व्हेअरॅज’मध्ये स्थळवाचक ‘जेथे’ स्पष्ट दिसतो. ‘स्टिल’ म्हणजे निश्चल. जे हललेले नाही ते अजूनही आहे, आणि अजूनही आहे म्हणून ‘तरीसुद्धा’ आहे. म्हणजे विरोधाचे म्हणून स्वतंत्र शब्द इंग्रजीपाशी प्रारंभी फारसे नव्हतेच. स्थळ, काळ, मर्यादा यांचे शब्द त्या कामी लावण्यात आले. आपल्याकडे ‘मात्र’ या शब्दाची वाटचाल अशीच आहे. ‘एवढेच’ हा त्याचा संस्कृत अर्थ. आज ‘तो आला, ती मात्र आली नाही’ या वाक्यात तो निखळ विरोध दाखवतो.

छापील इंग्रजी गद्यात तुलना हे वैभव म्हणून प्रथम मिरवले ते जॉन लिलीच्या १५७८ मधील ‘युफ्युईझ’ या कथाग्रंथात. वनस्पती, रत्ने, पशुपक्षी यांच्याविषयीच्या खऱ्याखोट्या समजुती घेऊन लिली ‘अॅज... सो’ अशा साच्यांची माळ लावतो, आणि विरोध दाखवायचा असेल तर ‘दो... यट’ ही जोडी वापरतो. दोन्ही बाजूंची वाक्ये लांबीने, घडणीने आणि पुष्कळदा आद्याक्षरांनीही सारखी. मराठी वाचकाला येथे ज्ञानेश्वरीतील ‘जैसे-तैसे’ची आठवण होणे स्वाभाविक आहे, तथापि तुलना फार ताणू नये. ज्ञानेश्वरांचे दृष्टांत सिद्धान्ताकडे नेतात, तर लिलीचे दृष्टांत अनेकदा एकमेकांकडेच नेतात. या शैलीचे इतके पेव फुटले की शेक्सपिअरने ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागात तिची टर उडवली. दारूच्या गुत्त्यात राजाची नक्कल करणारा फॉल्स्टाफ कॅमोमाइल नावाच्या, पायाखाली तुडवली की अधिकच फोफावणाऱ्या वनस्पतीची आणि वाया घालवले की लवकर झिजणाऱ्या तारुण्याची गाठ ‘दो... यट’नेच घालतो. प्रेक्षक हसत ते विरोधाला नव्हे, तर ज्या दोन वस्तूंना एकत्र आणण्याचे काहीच कारण नव्हते त्यांच्यात इतक्या गंभीरपणे विरोध दाखवल्याबद्दल.

फ्रान्सिस बेकनने याच्या अगदी उलट मार्ग धरला. १५९७ मधील त्याच्या पहिल्या दहा निबंधांत वाक्ये सुटीसुटी उभी आहेत. संयोजक जवळजवळ नाहीतच. १६०५ च्या ‘विद्येची प्रगती’ या ग्रंथात त्याने याचे समर्थनही केले आहे. सूत्ररूपाने लिहिताना दृष्टांत, उदाहरणे आणि जोडणी हे सारे गळून पडते, म्हणून सूत्रात केवळ खरा ऐवजच उरतो आणि वाचकाला पुढे शोध घ्यावासा वाटतो, असा त्याचा आशय आहे. दुवा न दिल्याने वाचक कामाला लागतो, हा विचार इंग्रजीत बहुधा इतक्या स्पष्टपणे प्रथमच मांडला गेला.

मात्र इंग्रजी वाचकाच्या कानाला साम्य-विरोधाची खरी सवय लागली ती भाषांतरामुळे. १६११ मधील राजमान्य बायबलच्या भाषांतरकारांपुढे हिब्रूतील एक अडचण होती. त्या भाषेत ‘वाव’ हे एकच अक्षर पुढच्या शब्दाला चिकटून येते आणि ‘आणि’, ‘पण’, ‘तेव्हा’, ‘म्हणून’ अशी अनेक कामे करते. कथाभागात भाषांतरकारांनी बहुतेक ठिकाणी ‘अँड’ कायम ठेवला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील जवळजवळ प्रत्येक वचन त्याच शब्दाने सुरू होते. परंतु जुन्या करारातील नीतिसूत्रांच्या ग्रंथात त्यांना निर्णय घ्यावा लागला. दहाव्या अध्यायाच्या प्रारंभी शहाणा मुलगा बापाला सुख देतो आणि मूर्ख मुलगा आईला दुःख देतो, अशा अर्थाचे द्विदल वचन आहे. तेथील ‘वाव’चे त्यांनी ‘बट’ केले. पंचविसाव्या अध्यायात तहानेलेल्या जिवाला मिळालेले थंड पाणी आणि दूरदेशाहून आलेली शुभवार्ता यांचे वचन आहे. तेथेही मुळात तसाच ‘वाव’ आहे. ‘सारखे’ या अर्थाचा शब्द नाही. दोन गोष्टी फक्त शेजारी ठेवल्या आहेत. येथे भाषांतरकारांनी ‘अॅज... सो’ अशी जोडी योजली. मुळात नसलेले शब्द तिरक्या ठशात छापण्याचा या भाषांतराच्या नंतरच्या आवृत्त्यांत प्रघात आहे, आणि त्या वचनातील ‘अॅज’ तसा छापलेला आढळतो. एकच अक्षर, तेच स्थान, आणि एके ठिकाणी विरोध तर दुसऱ्या ठिकाणी साम्य. निवाडा अक्षराने केला नाही. शेजारी ठेवलेल्या दोन दलांत काय आहे ते पाहून भाषांतरकारांनी तो केला.

आपल्या भाषेत असा शब्द नाही असे वाटण्यापूर्वी ‘पण’ आठवावा. ‘मी येतो, पण थांबणार नाही’ यात तो विरोध दाखवतो, आणि ‘तू चाललास? मी पण येतो’ यात साम्य. शिष्ट लेखनात दुसऱ्या ठिकाणी ‘मीही’ लिहावे असा आग्रह धरला जातो, बोलण्यात मात्र तो कोणी मानत नाही. व्युत्पत्तिकार हा शब्द संस्कृत ‘पुनः’पासून आल्याचे सांगतात. ‘पुन्हा’ म्हणताना तीच गोष्ट दुसऱ्यांदा घडते हेही सुचते, आणि बोलणे पुन्हा सुरू करून वेगळ्या दिशेला वळवता येते हेही.

हिब्रू वचनांतील ही रचना शास्त्र म्हणून मांडली ती रॉबर्ट लाउथ याने. ऑक्सफर्ड येथे काव्याचा प्राध्यापक असताना १७४१ ते १७५० या काळात त्याने हिब्रूंच्या पवित्र काव्यावर लॅटिनमध्ये व्याख्याने दिली. ती १७५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वचनाची दोन दले एकमेकांशी कशी समांतर चालतात याचे त्याने तीन प्रकार केले : एकच अर्थ दोनदा सांगणारे, परस्परविरोधी अर्थ सांगणारे आणि केवळ रचनेने जुळणारे. यात लक्षणीय गोष्ट अशी की, साम्य आणि विरोध हे दोन्ही त्याने एकाच संकल्पनेचे, समांतरतेचे, प्रकार मानले. विरोध म्हणजे समांतरतेचा अभाव नव्हे. दोन रेघा समांतर आहेत म्हणूनच त्यांतील अंतर मोजता येते.

याच लाउथने १७६२ मध्ये इंग्रजीचे एक छोटे व्याकरण लिहिले आणि पुढील अर्धशतक शालेय व्याकरणांवर त्याची छाया राहिली. त्यात उभयान्वयी अव्ययांचे दोन वर्ग येतात, जोडणारी आणि विलग करणारी. ‘विलग करणारे संयोजक’ ही संज्ञाच चमत्कारिक आहे. ती लाउथची नव्हे, लॅटिन व्याकरणपरंपरेची आहे. जेम्स हॅरिसने १७५१ च्या ‘हर्मीस’ या ग्रंथात तिचे समर्थन करताना असे शब्द वाक्ये जोडतात आणि अर्थ तोडतात, असे सांगितले होते. पेनसिल्व्हेनियात जन्मलेला आणि यॉर्कजवळ स्थायिक झालेला लिंडली मरे याने तेथील एका मुलींच्या शाळेसाठी १७९५ मध्ये जे व्याकरण रचले त्यात हाच विभाग आला, आणि त्या पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्यांतून तो जगभर गेला. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी व्याकरणापुढेही मरेचा नमुना होता. पुढे मात्र मराठी व्याकरणाने ‘पण’, ‘परंतु’, ‘किंतु’ यांसाठी ‘न्यूनत्वबोधक’ ही संज्ञा रूढ केली. ती अधिक नेमकी आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘पण’ म्हटल्याने आधीचे विधान खोटे ठरत नाही, त्यात काहीतरी उणे राहिल्याचे कळते.

व्याकरणकार वर्ग पाडत होते त्याच्या कितीतरी आधी एका तत्त्वज्ञाने या वर्गांविषयी शंका घेतली होती. जॉन लॉकच्या १६९० च्या ‘मानवी आकलनाविषयी निबंधा’च्या तिसऱ्या भागातील सातवे प्रकरण दोनतीन पानांचे आहे आणि ते केवळ अव्ययांवर आहे. लॉकच्या मते नामे मनातील कल्पनांची चिन्हे असतात, तर अव्यये त्या कल्पनांबाबत मन जी क्रिया करते तिची चिन्हे असतात. नीट लिहिणे म्हणजे मनाची ही वळणे, थांबे, अपवाद, मर्यादा दाखवता येणे. उदाहरणादाखल तो ‘बट’ घेतो आणि पाच वाक्ये देतो. एकात ‘बट’ बोलणे पूर्ण होण्याआधीच मनाला थांबवतो. दुसऱ्यात तो ‘फक्त’ या अर्थाने मर्यादा घालतो. पुढच्या दोहोंत जे असावयास हवे होते आणि जे आहे त्यांतील अंतर दाखवतो. अखेरच्यात तर विरोध औषधालाही नाही : सर्व प्राण्यांना संवेदना असते, आणि कुत्रा हा प्राणी आहे. मराठीत सहज ‘आणि’ येईल अशा या ठिकाणी त्या काळच्या इंग्रजीत ‘बट’ चालत असे. तो अनुमानाचे दुसरे विधान पहिल्याला जोडतो एवढेच. लॉकने येथे हिब्रूतील त्या एकाक्षरी अव्ययाचाही उल्लेख केला आहे. त्याचे पन्नासाहून अधिक अर्थ मोजले गेल्याचे तो सांगतो. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कोणत्याही भाषेतील अव्ययांना नियमबद्ध स्पष्टीकरणात बसवणे कठीण असल्याची जी कबुली दिली, ती याच अनुभवातून आली असावी.

हॉर्न टुकची हकीकत येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेतील लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड येथे मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी वर्गणी जमवण्याचे निवेदन प्रसिद्ध केल्याबद्दल १७७७ मध्ये त्याला शिक्षा झाली. आपण दोन शब्दयोगी अव्ययांचे आणि एका उभयान्वयी अव्ययाचे बळी ठरलो, अशी त्याची तक्रार होती. १७७८ मध्ये त्याने आपल्या वकिलाला उद्देशून अव्ययांवर एक पत्रच प्रसिद्ध केले, आणि १७८६ मध्ये त्याचा ‘डायव्हर्शन्स ऑफ पर्ली’ हा ग्रंथ निघाला. प्रत्येक अव्यय म्हणजे झिजलेले नाम किंवा क्रियापद, असा त्याचा सिद्धान्त होता. ‘इफ’ हा ‘गिव्ह’पासून आला ही त्याची व्युत्पत्ती पुढे चुकीची ठरली, ‘बट’च्या बाबतीतही त्याने दोन मुळांचा घोळ घातला. तरीही संयोजकाला स्वतःचा अर्थ असतो आणि त्या अर्थाची जबाबदारी लिहिणाऱ्यावर पडते, हे तुरुंगात गेलेल्या माणसाइतके कोणाला पटलेले असणार?

आता तुलनेच्या प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. इंग्रजीतील तुलनात्मक गद्याचा नमुना म्हणून जो उतारा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला तो जॉन्सनच्या १७८१ मधील पोपच्या चरित्रातील ड्रायडन आणि पोप यांच्या तुलनेचा. या उताऱ्याचे बारकाईने वाचन केल्यास आजच्या रकान्यांतील शब्द त्यात फारच थोडे सापडतात. जॉन्सन प्रथम समान भूमी तयार करतो. पोपने ड्रायडनला आपला गुरू मानले होते. आकलनाची सचोटी आणि विवेक दोघांपाशीही होता. एवढे सांगून झाल्यावर तो फरकाकडे वळतो, आणि तेथेही वाक्याच्या घडणीवरच विसंबतो. एकाचे नाव, एक गुण. दुसऱ्याचे नाव, दुसरा गुण. मध्ये बहुधा केवळ विरामचिन्ह. उताऱ्याच्या अखेरीस तो उड्डाणाची उंची आणि उड्डाणाचा कालावधी, ज्वालेचे तेज आणि धगीचे सातत्य अशा जोड्या मांडतो, आणि त्या जोडण्यासाठी चक्क ‘इफ’ योजतो. हा ‘इफ’ अटीचा नाही. ‘एकाचे हे मान्य केले, तर दुसऱ्याचे हेही मान्य करावे लागेल’ असा तो तराजू आहे. विरोधाच्या कोणत्याही यादीत हा शब्द आढळणार नाही. शेवटी आपला कल ड्रायडनकडे झुकत असल्याचा संशय वाचकाला येईल हेही जॉन्सन स्वतःच सांगून टाकतो, आणि वाचकानेच पडताळा पाहावा असे सुचवतो.

संस्कृत काव्यशास्त्राशी परिचित असलेल्या वाचकाला या रचनेचे नाव ठाऊक आहे. दंडीच्या ‘काव्यादर्शा’त सादृश्यवाचक शब्दांची यादी दिलेली आहे, म्हणजे यादी करण्याची हौस केवळ इंग्रजांची नव्हे. परंतु तोच दंडी ‘व्यतिरेक’ अलंकाराचे लक्षण सांगताना दोन वस्तूंतील सादृश्य शब्दाने सांगितलेले वा सूचित झालेले असावे आणि मग त्यांतील भेद सांगितला जावा, अशी अट घालतो. सादृश्याशिवाय व्यतिरेक नाही. लाउथची समांतरता, जॉन्सनची समान भूमी आणि दंडीची ही अट एकमेकांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. फॉल्स्टाफचा विनोद मात्र ही अट मोडल्यानेच होतो.

मराठी निबंधावर या परंपरेचा संस्कार झाला तो शब्दांच्या यादीतून नव्हे, तर अशा उताऱ्यांतून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर पुरे केले आणि १८७४ ते १८८१ या काळात निघालेल्या ‘निबंधमाले’त जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. मेकॉलेही त्यांच्या वाचनातला. मेकॉलेने १८२५ च्या मिल्टनवरील निबंधात मिल्टन आणि दान्ते यांची जी प्रदीर्घ तुलना केली आहे तीत आखूड वाक्ये एकमेकांवर आदळतात. दुवा बहुतेक वेळा वाचकानेच भरायचा असतो. विष्णुशास्त्र्यांच्या गद्यात मात्र पल्लेदार वाक्य आणि ‘तथापि’, ‘प्रत्युत’, ‘तद्वत्’ यांसारखे संस्कृत दुवे टिकून राहिले. त्यांनी उचलला तो दोन पारडी समोरासमोर ठेवण्याचा इंग्रजी आवेश. सांधे घरचेच राहिले.

मग आजची यादी आली कोठून? तिचा माग काढताना स्कॉटलंडमधील अॅबर्डीन या एका शहराकडे दोनदा जावे लागते. तेथील मॅरिशल कॉलेजचा प्रमुख जॉर्ज कँपबेल याने १७७६ मध्ये ‘वक्तृत्वशास्त्राचे तत्त्वज्ञान’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या भागाची दोन प्रकरणे संयोजकांना वाहिलेली आहेत, एक वाक्याच्या अंगांना जोडणाऱ्यांसाठी आणि दुसरे संपूर्ण वाक्यांना जोडणाऱ्यांसाठी. एवढा विचार करूनही त्याचा निष्कर्ष संयोजकांना अनुकूल नाही. शब्दांच्या सर्व जातींत उभयान्वयी अव्यये ही भाषेच्या ओजाला सर्वांत प्रतिकूल होत, असे तो म्हणतो. सांधा लागतो, पण तो डोळ्यांत भरू नये, ही त्याची दृष्टी.

त्यानंतर ९० वर्षांनी त्याच शहरातील अलेक्झांडर बेन याचे ‘इंग्रजी रचना आणि अलंकारशास्त्र’ हे पाठ्यपुस्तक १८६६ मध्ये निघाले. बेन हा अॅबर्डीनच्या एका विणकराचा मुलगा, मॅरिशल कॉलेजचाच विद्यार्थी, आणि १८६० मध्ये दोन महाविद्यालये एकत्र होऊन अॅबर्डीन विद्यापीठ झाले तेव्हा तेथे तर्कशास्त्राबरोबर इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी घेतलेला प्राध्यापक. परिच्छेदाचे नियम पद्धतशीरपणे सांगणारे हे पहिले प्रभावी पुस्तक मानले जाते. त्यातील पहिला नियम असा की, प्रत्येक वाक्याचा आधीच्या वाक्याशी असलेला संबंध स्पष्ट आणि निःसंदिग्ध असला पाहिजे. हा नियम सांगून तो संयोजकांचे वर्गवार विवेचन करतो. कँपबेलने जो सांधा झाकायला सांगितला तो बेनने उघडा ठेवायला सांगितला.

हा पालट का झाला असावा? बेनपुढे बसणारी मुले ईशान्य स्कॉटलंडच्या खेड्यांतून येत. घरी ती स्कॉट्स बोली बोलत. लिहायचे मात्र दक्षिणेचे प्रमाण इंग्रजी. ही अडचण नवी नव्हती. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेही १७५२ मध्ये आपल्या लेखनातून टाळावयाच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादी छापली होती. मॅरिशल कॉलेजच्याच जेम्स बीटीने १७८७ मध्ये तशी वर्णानुक्रमे सूची प्रसिद्ध केली. इंग्रजी रचनाशास्त्र विद्यापीठीय विषय म्हणून आकारास आले ते बऱ्याच अंशी स्कॉटलंडमध्ये, ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये नव्हे, हे आता अभ्यासकांनी पुरेसे दाखवून दिले आहे. ज्याचा कान त्या भाषेत वाढला त्याला वाक्याच्या घडणीतून साम्य वा विरोध आपोआप ऐकू येतो. ज्याने ती पुस्तकातून घेतली त्याला सांध्यावर पाटी हवी असते. बेनचा नियम हा अशा विद्यार्थ्यांविषयीच्या आस्थेतून आलेला आहे, आणि त्याची टिंगल करणे आपणांस शोभणार नाही. आपण सारे त्याच बाकावर बसलेलो आहोत.

बेनच्या पुस्तकात नियम आणि त्याच्याच पाठोपाठ समांतर रचनेचा दुसरा नियम होता : एकच विचार विशद करणारी लागोपाठची वाक्ये शक्यतो एकाच घडणीची असावीत. अमेरिकी महाविद्यालयांतील रचनेच्या वर्गांत परिच्छेदाचे शास्त्र पोहोचले, वर्गांतील संख्या वाढली, आणि हळूहळू पहिल्या नियमाखालील शब्द तेवढे उरले. दुसरा नियम शिकवायला वेळ लागतो, यादी पाठ करून घेता येते.

१९७६ मध्ये हॅलिडे आणि रुकैया हसन यांनी ‘इंग्रजीतील संसक्ती’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हसन यांचा जन्म १९३१ सालचा, उत्तर प्रदेशातील प्रतापगढचा. या दोघांनी वाक्यांना जोडणाऱ्या संयोजनाचे चार वर्ग केले : भर घालणारे, विरोधी, कार्यकारण दाखवणारे आणि कालदर्शक. आजच्या पुस्तिकांचे रकाने याच वर्गीकरणाची पातळ केलेली आवृत्ती होत. परंतु मूळ तक्ता पाहिला तर तेथे वेगळेच दिसते. ‘सिमिलर्ली’ आणि ‘लाइकवाइज’ यांना स्वतंत्र घर नाही. ती ‘भर घालणाऱ्या’ वर्गात, तुलनेच्या उपवर्गात येतात. त्याच उपवर्गात, भिन्नता दाखवणारे म्हणून, ‘ऑन द अदर हँड’ही येते. आणि हेच पद विरोधी वर्गातही पुन्हा आढळते. म्हणजे ज्या ग्रंथाच्या नावावर रकाने खपतात त्याच ग्रंथाने साम्य आणि भेद यांना एका छताखाली ठेवले होते, आणि एकाच पदाला दोन घरांत राहू दिले होते.

यादीचा परिणाम काय होतो याचे पुरावेही आता उपलब्ध आहेत. बेल्जियममधील लूव्हाँ येथील सिल्व्हियान ग्रेंजर आणि स्टेफनी टायसन यांनी १९९६ मध्ये फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांची तुलना इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या निबंधांशी केली. विद्यार्थी संयोजक सरसकट जास्त वापरत असतील ही अपेक्षा खरी ठरली नाही. मुद्द्यात भर घालणारे आणि मुद्दा ठसवणारे शब्द ते अधिक वापरत होते. ‘हाउएव्हर’, ‘यट’ असे युक्तिवादाची दिशा बदलणारे शब्द मात्र कमी. हे निरीक्षण मार्मिक आहे. भर घालायला शब्द पुरतो. दिशा बदलायला आधी काय कबूल केले होते ते लक्षात ठेवावे लागते. परदेशी शिक्षणासाठी आपल्याकडील असंख्य तरुण ज्या आयेल्ट्स परीक्षेला बसतात तिच्या लेखनविभागात सुसंगती आणि संसक्ती हा चार निकषांपैकी एक आहे. आणि तेथील गुणवर्णनात संयोजकांचा यांत्रिक वा अतिरिक्त वापर हा दोष म्हणून नोंदवलेला आहे. खाजगी शिकवण्यांच्या पुस्तिका यादी देतात आणि ही नोंद बहुधा गाळतात.

त्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका प्रस्तुत लेखकाने त्याच्यासमोरच पुन्हा वाचली. परीक्षक दुसरा कोणी नव्हता. वर दिलेल्या दोन वाक्यांनंतर तिसरे वाक्य होते, आणि रेघ मारण्याच्या घाईत ते पाहायचे राहून गेले होते. त्या वाक्यात विद्यार्थ्याने लिहिले होते की, या दोन्ही शहरांत खेड्यांतून आलेली माणसे राहतात आणि दोन्ही शहरे त्यांना राहायला जागा देत नाहीत. पुढचा संपूर्ण परिच्छेद भाड्याच्या खोल्यांविषयी होता. दोन राजधान्यांत फरक दाखवणे हा त्याचा हेतूच नव्हता. ‘व्हेअरॅज’ घातला असता तर तिसरे वाक्य निराधार झाले असते. समासातील शब्द खोडला आणि अर्धा गुण परत दिला. “मग सर, ‘सिमिलर्ली’ बरोबर?” त्याने विचारले. बरोबर होता, परंतु तो नसता तरी चालले असते; वाक्ये दोन्ही एकाच घडणीची होती.